फाटकाचं गाणं

१

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. आम्हाला टेस्टर म्हणतात, आणि टेस्टरचा पहिला नियम असा की एकदा दिसलं ते दिसलं म्हणायचं नाही. पुन्हा तसंच करून बघायचं, पुन्हा तेच झालं तरच लिहून काढायचं. तेव्हा हे जे सांगतेय ते मी हवेतलं सांगत नाहीये. घाबरले होते हे खरं, पण आधी तीन-तीनदा तपासलं आणि मग घाबरले.

सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं तेव्हा अनुपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बाबांना इंग्लंडात, मेडनहेडला आमच्याकडे आणलं. बाबा म्हणजे माझे सासरे, मुरलीधर सर. धुळ्याच्या शाळेत चौतीस वर्षं पी.टी. शिकवलेली. वय पंच्याहत्तर, पाठ अजून ताठ. पण आमच्याकडे आले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. जेवा म्हटलं की दोन घास खाणार, झोपा म्हटलं की झोपणार. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईनं, सगळं तपासलं, काही निघालं नाही. शेवटी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, ह्यांना माणसांत न्या, नाहीतर हे असेच विझत जातील. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आता मेडनहेडमध्ये गुरुवारी सकाळी माणसं असतात कुठं? तर चर्चच्या हॉलमध्ये, लाइन डान्सिंगला. अनुपला हसू आवरेना. मी म्हटलं, अरे डान्स कसला, कवायत आहे ती. रांगा करायच्या, जोडीदार लागत नाही, सगळ्यांनी एकदम तीच पावलं टाकायची, मग पाव वळायचं आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून. गाणी सगळी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली: घोडे, ट्रक आणि सोडून गेलेल्या बायका. नाचणाऱ्या वीसएक जणी साठीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टे बांधून आलेल्या. शिकवायला वेंडी नावाची एक ठसठशीत बाई.

पहिले दोन गुरुवार बाबा भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. तिसऱ्या गुरुवारी शेवटच्या गाण्याला सगळ्या नव्यानं उभ्या राहिल्या आणि मधल्या रांगेत एका माणसापुरती जागा रिकामी राहिली. तिथं कुणीच सरकेना. आता ज्यानं आयुष्यभर 'रांग नीट करा रे' म्हणून शिट्टी फुंकली त्याला ती फट बघवणार कशी? बाबा तरातरा गेले, डावीउजवीकडे हात लांब करून अंतर मोजलं आणि त्या जागेत सावधानमध्ये उभे राहिले.

वेंडीचं बोट फोनवर थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग आपापल्या बुटांकडे. मला वाटलं आमचं काहीतरी चुकलं, आता सांगतील. पण वेंडीनं गाणं लावलं.

२

त्या गाण्याचं इंग्रजी नाव काही का असेना, आमच्या घरात ते फाटकाचं गाणं. संथ, तीन ठोक्यांचं. एका थकल्या माणसाचा आवाज आणि मागे एक गिटार. त्याची बायको भांडून निघून गेलीय आणि त्या दिवसापासून त्यानं फाटकाची कडी लावलेली नाही. एका कडव्यात बर्फ पडतो, एकात कुत्रा मरतो, एकात त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. कडी उघडीच. शेवटी फाटक कुरकुरल्याचा आवाज येतो आणि गाणं खलास.

मला असली रडकी गाणी आवडत नाहीत. अडाण्यालाही कळेल इतकं सोपं गाणं, त्यात काय आहे एवढं? पण वेंडी सांगत होती, एकोणीस वर्षं ती हा क्लास घेते आणि तिच्याआधीच्या बाईनंही अकरा वर्षं शेवटी हेच गाणं लावलं. आधी कॅसेट होती, मग सीडी, आता फोन. मध्ये एकदा वेंडीनं बदलून दुसरं लावलं, तर कुणी कोटच घालेना. सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या, शेवटी हे लावावं लागलं. मी मनात म्हटलं, काय ही वेडी माणसं. आणि त्याच संध्याकाळी भांडी घासताना तेच गाणं गुणगुणत होते.

गाडीत बाबांनी मला अर्थ विचारला. आमची गाडी फार शिस्तीची आहे, पुढच्या सीटवर बटाट्यांची पिशवी ठेवली तरी पट्टा लावा म्हणून पिंपिं करत राहते. बाबांना ते भारी आवडायचं. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून त्यांनी सगळी कडवी नीट ऐकून घेतली. मी म्हटलं, शेवटी म्हातारा मरतो बहुतेक, फाटकातून तोच बाहेर पडतो.

"छे," बाबा म्हणाले. "ती आली."

मग स्वतःहून बोलायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, हिला फुगडीचा फार नाद. मंगळागौरीला पोरीबाळींना दमवून सोडायची, आणि घरी आली की मला म्हणायची, एकदा तरी माझ्याशी घाला की. मी पटांगणावर हजार पोरं नाचवायचो, आणि घरात दार लावूनसुद्धा हिच्याशी एक फुगडी घातली नाही. लाज वाटायची.

सासूबाईंचा विषय निघाला की मी गप्प होते, त्याला कारण आहे. त्या इंग्लंडला एकदाच आल्या होत्या, सहा वर्षांपूर्वी. गाडी नवीकोरी. विंडसरला निघालो तेव्हा मी अनुपला पुढे बसवलं आणि सासूबाईंना मागे. अर्ध्या वाटेत त्यांना ओकारी झाली, सगळी सीटवर. मी एक शब्द बोलले नाही, पण घरी येऊन दोन तास दारं आपटत सीट घासली, त्यांना ऐकू जाईल अशी. त्या बादली घेऊन शेजारी उभ्या. म्हणाल्या, पुढं बसले की होत नाही गं मला, पण म्हटलं कशाला सांगा. मी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

३

बाबा सुधारायला लागले. गुरुवारी सकाळी शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. जेवणात दोन घासांच्या तीन पोळ्या झाल्या, वर ताक. मला इतकं बरं वाटलं की गुरुवारच्या मीटिंगा पुढेमागे करून मीही मागच्या रांगेत नाचायला लागले.

पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिलमध्ये. हॉलची जमीन लाकडाची आहे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या ठोक्याला सगळ्यांच्या टाचा एकदम आपटतात, बूट सगळ्यांच्या पायात, त्यामुळे दणकून आवाज येतो. फाटकाच्या गाण्यात त्या दणक्यानंतर किंचित मागाहून आणखी एक आवाज येत होता. हलका. मधल्या रांगेतून. अनवाणी टाच लाकडावर पडते ना, तसा.

म्हटलं, कुणाचा तरी बूट सैल असेल. पुढच्या गुरुवारी एकेकीचे बूट तपासले, सगळ्यांच्या नाड्या घट्ट. मग वाटलं फळी सैल असेल, म्हणून गाणं संपल्यावर मधली प्रत्येक फळी टाचेनं दाबून पाहिली. हीटरचे पाइप धरून पाहिले, ते थंड होते. बाकीच्या गाण्यांत आवाज नव्हता. एका गुरुवारी बाबांना दाताच्या डॉक्टरकडे सोडून एकटीच गेले, तर फाटकाच्या गाण्यातही नव्हता. एकदा बाबांना मागच्या रांगेत माझ्या शेजारी उभं केलं, तेव्हाही नव्हता. म्हणजे ते गाणं हवं, ती जागा हवी आणि त्या जागेत बाबा हवेत. तिन्ही जमलं की आवाज हमखास. हे ऑफिसात असतं तर मी त्याच दिवशी लिहून पाठवलं असतं. पण पाठवू कुणाला?

आणखी एक लक्षात आलं. त्या गाण्याला कुणी कुणाकडे बघत नाही. एरवी ह्या बायका नाचताना अखंड गप्पा मारतात, एकमेकींची पावलं चुकली की खिदळतात. त्या गाण्याला सगळ्यांच्या माना खाली. आणि रांगा पूर्वीपेक्षा थोड्या लांब लांब झाल्या होत्या. बाबांच्या समोर आता आणखी एका माणसापुरती जागा मोकळी राहायला लागली होती, आणि ती करा असं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी वेंडीला एकदा चहाच्या खिडकीपाशी गाठलं आणि विचारलं, ती जागा आधी कुणाची होती? तिनं माझ्या कपात दूध ओतलं, ढवळलं.

"ज्याची त्याची, लव्ह," म्हणाली, आणि दुसऱ्या कपाकडे वळली.

४

मे महिन्यात एका गुरुवारी बाबा गाडीत म्हणाले, "ही म्हणते, किती दिवस असं येऊन जाऊन करायचं."

इतक्या सहज म्हणाले की मी पण सहज हं म्हटलं. पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजला. मला त्याचा एकच अर्थ लागला. येऊन जाऊन नको म्हणजे एकदाच काय ते चला. अनुपला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारा माणूस बायकोशी मनात बोलतो, त्यात काय. त्याचं बरोबरच होतं. पण त्यानं तो आवाज ऐकला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम डाव्या टोकाला उभी राहिले, स्पीकर आणि वेंडीचा फोन हाताशी येतील अशी. गाणं सुरू झालं. दोन भिंती झाल्या. तिसऱ्या भिंतीकडे वळताना मी मान वर केली, सगळ्यांच्यात एकटी मीच.

बाबा पावलं टाकत नव्हते. दोन्ही पाय जुळवलेले, हात पुढे लांब, मनगटांची कैची केलेली, मुठी घट्ट. आणि अख्खं अंग मागे सोडून दिलेलं. ज्यांनी फुगडी घातलीय त्यांना सांगायला नको: इतकं मागे झुकायचं तर समोरून कुणीतरी तितकंच ओढून धरावं लागतं, नाहीतर माणूस उताणा पडतो. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस तसा झुकलेला, हळूहळू गोल फिरत होता आणि पडत नव्हता. चेहऱ्यावर असं हसू की मी कधी पाहिलं नाही. फिरता फिरता त्यांच्या समोरची मोकळी जागा पुढच्या रांगेतल्या लिझ नावाच्या बाईपाशी आली, आणि लिझच्या लोकरी जाकिटाची कड कुणाचा तरी धक्का लागावा तशी बाजूला झाली. लिझनं मान वर न करता एक पाऊल सरकून वाट दिली.

फिरणं वाढत होतं. शेवटचं कडवं आलं होतं. आता फाटक कुरकुरणार आणि हा माणूस जाणार, दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी हात लांब केला आणि गाणं बंद केलं.

बाबा दाणकन पडले. आणि त्यांच्या समोर, दोन हात अंतरावर, रिकाम्या फळ्यांवर दुसरं कुणीतरी दाणकन पडलं. फळ्यांचा तो हादरा माझ्या तळपायांना लागला.

मी धावले. बाबांचं उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं. त्यांनी माझा हात झटकला, माझ्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यांवर आणि डाव्या हातावर रांगत ते त्या समोरच्या जागेपाशी गेले आणि जमीन चाचपायला लागले.

"लागलं का गं?" म्हणाले. "कुठं लागलं? दाखव बघू."

मराठीचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, पण बायकांनी मागे सरून त्या दोघांना जागा करून दिली. दोघांना असंच लिहितेय मी.

५

मनगटाला प्लॅस्टर, सहा आठवडे. बाबा पुन्हा खिडकीपाशी. आधीपेक्षा वाईट, कारण आधी निदान हूं हूं करायचे. मी भरवायला बसले की तोंड उघडायचे, दोन घास झाले की मिटायचे. परतून आलेलं वजन उतरलं, वर आणखी दोन किलो गेले. जीपीचं ते विझण्याचं वाक्य आता मला रोज ऐकू यायचं. ज्या भीतीनं मी बटण दाबलं तेच माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि करणारी मीच. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ते आपणहून बोलले. "फुगडीत हात सोडायचा नसतो. मी सोडला."

मला राहवलं नाही. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सांगून टाकलं की बाबा, तुम्ही नाही सोडलात, गाणं मी बंद केलं. त्यांनी विचारलं का. मी म्हटलं, मला वाटलं आई तुम्हाला घेऊन जातील.

बाबा खुर्चीत माझ्याकडे वळले. मग वर्गातल्या ढ पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "ती कुठं नेणार गं मला? तिला इथलं काही माहीत आहे का? एकटी रस्तासुद्धा ओलांडत नाही ती."

थोड्या वेळानं म्हणाले, त्या हॉलमध्ये फार गारठा असतो.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मग वेंडीला फोन केला. काही विचारलं नाही, फक्त म्हटलं की ह्या गुरुवारी आम्ही येतोय, मधली जागा ठेवाल का. ती म्हणाली, ठेवलेलीच असते.

६

प्लॅस्टर निघून दोन दिवस झाले होते. मनगटात जोर नव्हता. बाबा म्हणाले, चालतंय, एका हाताचीही फुगडी असते. मी ह्या वेळी स्पीकरपासून सर्वांत लांब, पार उजव्या कोपऱ्यात उभी राहिले आणि ठरवलं की मान वर करायची नाही.

गाणं सुरू झालं. टाचा आपटल्या, आणि मागाहून तो हलका आवाज आला. आता तो लंगडत होता. एक टाच पडायची आणि दुसरा पाय फरफटत यायचा. एवढ्या बायकांत मला तेवढाच ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं, हे मी केलं. बर्फ पडला, कुत्रा मेला, चष्मा हरवला. भिंती बदलत गेल्या. पाय घामानं भिजले, तरी मी खालीच बघत राहिले. त्या आत्ता बाबांना घेऊन जाणार असतील तर जावोत, पण ह्या वेळी मी हात सोडवणार नाही. असं मनात म्हणताना मला भयंकर भीती वाटत होती.

शेवटी फाटक कुरकुरलं. गाणं संपलं. मी डोळे मिटूनच उभी होते.

"कस्तुरी," बाबांचा आवाज आला, अगदी जवळून. "चला, निघू या. भूक लागलीय."

जिवंत, घामेजलेले, दम लागलेले बाबा. मी त्यांना कोट दिला. तो त्यांनी घातला नाही, उलगडून हातावर धरला आणि शेजारी हातभर जागा सोडून गाडीपर्यंत सावकाश चालत आले, फरसबंदीच्या पायरीशी थांबले, पुन्हा चालले. गाडीचं पुढचं डावं दार उघडून सरळ उभे राहिले. जरा वेळानं कोट आत सीटच्या पाठीवर नीट पांघरला, दार हलकेच लावलं आणि स्वतः मागे जाऊन बसले.

मी म्हटलं, बाबा, पुढे बसा ना.

"नको," ते म्हणाले. "हिला मागं गाडी लागते."

मी किल्ली फिरवली आणि गाडी पिंपिं करायला लागली. पुढच्या सीटचा पट्टा. सीटवर काही नव्हतं, माझी पर्स माझ्या मांडीवर. पाठीवरच्या कोटाचं वजन ते किती असणार? तरी मी हात लांब करून तो काढून मागे बाबांकडे दिला. पिंपिं चालूच. गाडी बंद केली, दहापर्यंत मोजलं, पुन्हा सुरू केली. पिंपिं. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही तेच.

मग मी वाकले, पट्टा ओढला, कुणाला काचणार नाही एवढा सैल सोडला आणि खटका लावला. आवाज थांबला. त्या बाजूची काच मी थोडी खाली केली.

"आई," मी म्हटलं, "मळमळलं तर लगेच सांगा हं. मी थांबवते गाडी."

उत्तराची वाट बघितली नाही. घर दहा मिनिटांवर आहे, त्या दिवशी पंचवीस लागली. प्रत्येक वळणाला मी वेग कमी करत होते, आणि मागच्या सीटवर बाबा फाटकाचं गाणं गुणगुणत होते.